वाऱ्याच्या पेटीत गोवर्धन

वारा कुणाचं ऐकत नाही म्हणतात. माझं ऐकतो! खोटं वाटत असेल तर माझ्या पुण्याच्या कॉलेजात जाऊन विचारा. एम.टेक.ची दोन वर्षं मी वाऱ्याला पेटीत कोंडून त्याची उलटतपासणी घेत होते. वातबोगदा म्हणतात त्या पेटीला. नाव भारदस्त, काम साधं. एक लांबलचक बोगदा, एका टोकाला पंखा, मध्ये कारखान्याचं वीतभर मॉडेल आणि त्यावरून सोडलेला धूर. खरा वारा खऱ्या कारखान्यावर उद्या जो गोंधळ घालणार, तो पेटीतला वारा आजच घालून दाखवतो.

पुढं लग्न होऊन पाटोदा तालुक्यातल्या या गावात आले, लेक झाली दीपमाला, आणि उलटतपासणी घेण्याचं खातं तिच्याकडं गेलं. पण विद्या कुठं जाते हो? ती डाळीच्या डब्यामागं दबा धरून बसते, आणि नको तेव्हा बाहेर उडी मारते.

तशी ती मारली गेल्या दिवाळीआधी.

आमचे चुलत सासरे अमरसिंह. गाव त्यांना आबासाहेब म्हणतं. त्यांनी गावाच्या उगवतीला गूळ पावडरीचा कारखाना काढला. गोदाम उभं राहिलं, बॉयलर आला, आणि ट्रॅक्टरवर आडवी पडून चिमणीही आली. राहिला होता फक्त चिमणीचा पाया. तो पाडव्याच्या मुहूर्तावर खोदायचा होता, आणि जागा आबासाहेबांनी स्वतः ठरवली होती: गोदामाच्या बरोबर मागं, गावाच्या अंगाला. कारण काय, तर तिथून चिमणी रोडवरून दिसते! चिमणीवर वरपासून खालपर्यंत ‘अमरसिंह’ असं रंगवायचं होतं त्यांना. पाटोद्याहून येणाऱ्या एसटीतल्या माणसानं मान वर करून ते वाचावं, एवढीच त्यांची इच्छा.

माझं गणित मात्र वेगळं होतं. त्या जागेपासून अंगणवाडी एका हाकेवर. अंगणवाडीला लागून आमचं घर. दीपू दीड वर्षाची, छातीनं नाजूक. तिसऱ्या घरात कुणी तव्यावर मिरची टाकली, की आमच्याकडं वाफेचं मशीन सुरू! “धुरापासून जपा,” असं डॉक्टरांनी बजावलेलं. धूर दारात आला असता तर मला तिला घेऊन बीडला खोली करून राहावं लागलं असतं. आणि आत्याबाईंचं काय झालं असतं? आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई, तुळजाबाई. दीपू सगळा दिवस त्यांच्या कडेवर असते. मला ती दूध पाजायला उसनी मिळते. त्या आजीनं नात मोबाइलच्या काचेत बघायची? छे!

आबासाहेब ओट्यावर चहाला आले तेव्हा मी डोक्यावरचा पदर सावरला आणि तोंड उघडलं.

“आबासाहेब, चिमणी तिथं नको. धूर गोदामामागं खाली बसेल.”

“खाली कावून बसंल? धूर हाय त्यो, पाव्हणा न्हाई! वर जाईल.”

“थंडीत आपल्याकडं वारा उगवतीकडून येतो. तो गोदामावरून उडी मारतो आणि पलीकडं त्याचा भोवरा होतो. चिमणी त्या भोवऱ्यात सापडली की धूर वर जायचं विसरतो, आणि थेट अंगणवाडीत जाऊन बसतो.”

“असला भोवरा म्या आजपातूर बघितला न्हाई.”

“मी दाखवते! पाडव्याला! ह्याच अंगणात!”

गेलं बोलून. तोंडातून गेलेला शब्द आणि दीपूच्या हातात गेलेला चष्मा, दोन्ही आहे तसे परत येत नाहीत.

आबासाहेबांनी बशी खाली ठेवली. “दाखिव. पाया खोदायच्या आधी दाखिव. दिसला भोवरा तर इचार करू. न्हाई दिसला, तर पायाचा नारळ तूच फोडायचा!”

आता आली पंचाईत. वातबोगदा आणायचा कुठून? आमचे ‘हे’ बीडला वीज कंपनीत. दिवाळीत सगळ्या जिल्ह्याला उजेड द्यायचा असल्यामुळं स्वतः घरी येत नाहीत. त्यांनी फोनवरून एक नाव सुचवलं: पाटोद्याचे युसूफभाई. कूलर बनवतात.

“कूलर? दिवाळीत?” युसूफभाई चक्रावले.

“कूलर नको. वाऱ्याची पेटी हवी.”

“मतलब कूलरच, भाभी.”

मी कागदावर चित्र काढून दिलं. माणसापेक्षा लांब प्लायवूडची पेटी. एका बाजूला बघायला काच. पुढच्या टोकाला रसवंतीच्या स्ट्रॉ शेजारी शेजारी चिकटवून केलेली जाळी, म्हणजे वारा शाळेतल्या पोरांसारखा रांगेत आत येतो. मागच्या टोकाला पंखा, पण उलटा, हवा बाहेर ओढणारा.

“उलटा?” युसूफभाईंचा चेहरा पडला. “भाभी, लोक म्हणतील युसूफला पंखा बसवता येत न्हाई. दुकानाच्या इज्जतीचा सवाल हाय.”

“पेटीवर तुमचं नाव नका लिहू.”

“त्ये तर लिवलं बी!”

पेटी आली. मी अंगणातल्या पत्र्याखाली मॉडेल मांडलं, पुठ्ठ्याचं सुंदर गाव केलं, बटण दाबलं, आणि गावावर ढगफुटी झाली! स्ट्रॉच्या जाळीतून पाण्याच्या धारा! मारुतीचं देऊळ वाकलं, ग्रामपंचायत भजीसारखी फुगली, शाळा तर बसलीच.

“युसूफभाई! पाणी कशाला सोडलंत?”

“पंप बसवलाय ना, भाभी. खस बी लावली. कोरडा कूलर गिऱ्हाइकाला देणं गुनाह हाय!”

पंप काढला, खस काढली. पुठ्ठ्याचा नाद सोडून मी दीपूच्या खेळण्यांवर आले. घरं म्हणजे तिचे लाकडी ठोकळे, प्रत्येकावर घरमालकाचं नाव. गोदाम म्हणजे नाचणीसत्त्वाचा रिकामा डबा. अंगणवाडी म्हणजे काडेपेटी. चिमणी म्हणजे तिच्या औषधाचा ड्रॉपर, फळीला भोक पाडून उभा केलेला. फळीखाली बंद डब्यात अगरबत्त्या, आणि वाफेच्या मशीननं तो धूर नळीतून ड्रॉपरमध्ये ढकलायचा. मोगऱ्याचा वास असलेला कारखाना जगात दुसरा नसेल!

दीपूचा अर्थातच विरोध होता. ठोकळे तिचे, गाव माझं कसं? तिनं मारुतीचं देऊळ चावलं. आबासाहेबांचा बंगला घेऊन पळाली, तो कणकेच्या डब्यात सापडला. (थांबा हं, आत्ता हे लिहिताना पेनाचं टोपण दिसत नाहीये... आहे, आहे, चपलेत होतं.)

आणि तरीही सगळं जमलं. पंखा सुरू झाला, ड्रॉपरमधून धुराची बारीक रेघ निघाली, गोदामाच्या पाठीशी आली, लाजल्यासारखी वळली आणि सरळ काडेपेटीवर उतरली. डोळ्यांत पाणीच आलं माझ्या.

“आत्याबाई! दिसला!”

“कोण दिसला गं?” स्वयंपाकघरातून आवाज आला.

“भोवरा!”

“बस म्हण त्याला. च्या ठिवते.”

पाडव्याची सकाळ उजाडली. काच पुसायची म्हणून युसूफभाईंनी मॉडेलची फळी पेटीतून काढून अंगणात ठेवली. मी दीपूला उटणं लावायला आत नेलं. दीपूला उटणं लावणं म्हणजे ओल्या मांजराला स्वेटर घालणं! त्यात माझा भरपूर वेळ गेला. तेवढ्यात अंगणात जे झालं ते मला नंतर कळलं, पण तुम्हाला आत्ताच सांगून टाकते, म्हणजे तुम्ही हसायला मोकळे.

आमच्याकडं दिवाळीत अंगणात शेणाचं गोकुळ मांडतात. शेणाच्या चिमुकल्या गवळणी, पेंद्या, गुरं, आणि पाडव्याला शेणाचा गोवर्धन. आत्याबाई शेणाची पाटी घेऊन बाहेर आल्या आणि त्यांना दिसली माझी फळी. घरं आहेत, देऊळ आहे, गोठ्यासारखं काहीतरी मोठं आहे. त्यांना वाटलं, सुनेनं लेकरासाठी हौसेनं गोकुळ मांडलं! पण गवळणी न्हाईत, गोवर्धन न्हाई. शहरातली पोर, इसरली असंल. मग त्यांनी माझ्या प्रेमापोटी ते पूर्ण केलं. गोदाम आणि अंगणवाडी यांच्यामध्ये मोकळी जागा होती, तिथं चांगला ढोबळा गोवर्धन बसवला. त्याच्या डोक्यावर झेंडू खोचला, चहूकडं गवळणी उभ्या केल्या, हळदीकुंकू वाहिलं, हात जोडले.

आणि युसूफभाईंनी ती फळी तशीच्या तशी पेटीत सरकवली. “घरातल्या बड्यांनी ठिवलं, म्या कशाला बोलू?” असं नंतर म्हणाले.

मी नटलेली दीपू काखोटीला मारून बाहेर आले तर अंगण भरलेलं. आबासाहेब मधोमध खुर्चीवर, हातात नारळ. पेटीची काच लोकांच्या बाजूला. बटणं आणि वाफेचं मशीन मागं, लाकडी बाजूला. म्हणजे सगळ्या गावाला आतलं दिसत होतं, आणि जी बोलणार होती तिला दिसत होतं फक्त प्लायवूड आणि ‘युसूफ कूलर’!

“मंडळी,” मी आवाज लावला, “हे आपलं गाव.”

लोकांनी आत बघितलं आणि हात जोडले. मला गहिवरून आलं. विज्ञानाबद्दल एवढा आदर!

“आता मी धूर सोडते. बघा, तो गोदामामागं खाली उतरतोय की नाही?”

“उतरतोय! उतरतोय!”

“आता तो कुणाच्या घरात शिरतोय?” मी विजयी सुरात विचारलं.

सगळ्यांच्या माना आबासाहेबांकडं वळल्या. मग आमच्या गल्लीतला सिदू हळूच म्हणाला, “आबासायबाच्या.”

“नीट बघा!”

“नीटच बघायलोय, वैनी. धूर डोंगराला धडकायलाय, वळसा मारायलाय, अन् आबासायबाच्या बंगल्यात घुसायलाय. वरच्या मजल्यावर.”

डोंगर? कुठला डोंगर? आमच्या गावात उंचवटा म्हणून जो आहे तो फक्त रस्त्यावरचा गतिरोधक!

आबासाहेब ताडकन उठले. “आरं, वरच्या मजल्यावर तर माजी खोली हाय! सुकन्या, पटलं गं बाई तुजं! चिमणी बदलायची! बंगल्यापासून लांब, पार खाली घ्या. अंगणवाडीच्या भिंतीला चिकटून खोदा!”

“अहो नाही!” मी पेटीला वळसा घालून धावले आणि काचेतून आत बघितलं. झेंडू खोचलेला गोवर्धन माझ्याकडं शांतपणे बघत होता. सभोवती गवळणी कमरेवर हात ठेवून उभ्या.

“आत्याबाई, हे काय?”

“इसरलीवतीस, म्हनून म्या मांडलं,” आत्याबाई कौतुकानं म्हणाल्या. “कसं दिसायलंय?”

काय सांगू? फारच गोड दिसत होतं. पण वातबोगद्यात गोवर्धन!

“हा आधी काढावा लागेल. खऱ्या गावात तिथं डोंगर नाही, त्यानं धूर भलतीकडं वळला.” मी हात घातला, आणि अख्खं अंगण ओरडलं.

“न्हाई! न्हाई! पुजलेला गोवर्धन सांज होईस्तोवर हलवत न्हाईत!”

“किसनदेवानं उचललावताच की,” सिदू म्हणाला.

“तू हाईस का किसनदेव?” त्याचा शेजारी मुंजाजी खेकसला. “घरातलं सिलेंडर उचलंना तुला!”

मुहूर्त तर टळत चालला होता. खड्डा खोदणारे कुदळ घेऊन दारात उभे. आबासाहेबांचं मन बंगल्यावरून हटेना. दीपूनं माझ्या खांद्यावर डोकं टेकलं आणि एकदाच खोकली. कोरडं, बारीक. झालं! माझं डोकं सरळ चालायला लागलं.

“गोवर्धन नका हलवू,” मी म्हणाले. “गाव हलवा!”

“आँ?”

“गोवर्धन जाग्यावर राहू द्या. बाकी सगळं गाव उगवतीकडं सरकवा. डोंगर आपोआप गावाच्या मागं जाईल. तिथं त्याची अडचण नाही.”

आत्याबाईंनी क्षणभर विचार केला. “चालतंय. गाव कुठंबी जातं. देवानं जाग्यावर ऱ्हावं. फळीसकट हलला तर दोष न्हाई.”

युसूफभाईंनी फळी बाहेर काढली आणि चिमणीसाठी नवं भोक पाडलं. पण ठोकळ्यांना मी हात लावायच्या आत प्रत्येकानं आपापलं घर उचललं! “माजं म्या ठिवतो!” “दार उगवतीला ठिवा!” “हळू, आत म्हातारी हाय!” एवढ्या जपून लोकांनी खरी घरंही बांधली नसतील.

आणि मग तो आवाज आला.

“सिद्या! बांध कोरायलास का बे?”

सिदूनं आपलं घर ठेवताना बोटभर मुंजाजीच्या अंगाला सरकवलं होतं.

“म्या कशाला कोरू? व्हतं तिथंच ठिवलंय!”

“आमच्या दोघांच्या मधी बोळ हाय! बोळ कुठं गेली?”

“ठोकळा जाड हाय, त्याला म्या काय करू?”

“तलाठ्याला बोलवा! मोजणी झाल्याबिगर वारं सोडायचं न्हाई!”

दोघं भाऊबंद एकमेकांच्या गळपटीला! पिढ्यान्‌पिढ्यांची बोळ, आता माझ्या फळीवर! शेवटी आबासाहेबांनी निवाडा केला. दीपूच्या हातातलं चपटं बिस्किट घेतलं, दोन्ही ठोकळ्यांच्या मधे उभं लावलं आणि गरजले, “ही बोळ! हिला हात लावील त्यो माज्याशी गाठ!” दीपूनं बिस्किटासाठी भोकाड पसरलं, तेव्हा कुठं भांडण थांबलं. पुढचा निम्मा वेळ मुंजाजी बिस्किटावर पहारा देत होता.

फळी आत गेली. गोवर्धन आता गावाच्या पार मागं, शेपटाला. मी बटणाकडं जाणार, तोच आत्याबाई म्हणाल्या, “थांब.”

त्यांनी काचेखालून हात घातला, सगळ्यात लहान गवळण उचलली आणि अंगणवाडीच्या दारात उभी केली.

“ही दीपू,” त्या म्हणाल्या. “पुढच्या साली इथं जाणार हाय न्हव?”

कुणी हसलं नाही. मागून मुंजाजीची बायको संगीता पुढं आली. “ही आमची,” म्हणत तिनं दुसरी ठेवली. मग तिसरी, मग चौथी. काडेपेटीपुढं शेणाची एवढी एवढी पोरं जमली, दिसत होती अगदी खिचडीची वाट बघत असल्यासारखी. आत्याबाईंनी शेवटची गवळण आबासाहेबांच्या हातात दिली.

“तुमची नात बी तितंच जाती की, भावजी. ठिवा.”

आबासाहेबांनी ठेवली. मी पंखा लावला, मशीन लावलं, आणि ह्या वेळी आत्याबाईंना बटणापाशी उभं करून स्वतः काचेपुढं आले. एक शब्द बोलले नाही. बोलायची गरजच पडली नाही. धूर ड्रॉपरमधून निघाला, गोदामाच्या पाठीशी वाकला, गोल फिरला आणि काडेपेटीच्या दारात खाली बसला. गवळणी दिसेनाशा झाल्या. आधी मोठ्या, मग लहान, मग सगळ्यात लहान.

पुढच्या बायकांनी पदर नाकाशी धरले.

“बंद करा, वैनी,” आबासाहेब आत्याबाईंना म्हणाले. “बंद करा त्ये. लेकरांच्या तोंडात जायलाय.”

मग त्यांनी स्वतः ड्रॉपर उपसला. “कुठं लावू सांग.”

“उत्तरेच्या कोपऱ्यात. गोदामापासून लांब, मोकळ्यावर.”

तिथं भोक पडलं, ड्रॉपर उभा राहिला, वारा सुटला. धूर सरळ पुढं निघाला. काडेपेटीवरून, ठोकळ्यांवरून, बिस्किटावरूनसुद्धा उंच उंच गेला, आणि गवळणी उजेडात न्हाल्या. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आबासाहेब मात्र गुडघे टेकून, एक डोळा मिटून, काचेला गाल लावून रोडच्या बाजूनं बघत होते.

“गोदामाच्या आड जायलीय चिमणी,” ते हळूच म्हणाले. “रोडवरून नाव न्हाई दिसत.”

आता हे पुन्हा जागा बदलणार की काय? नारळ अजून त्यांच्याच हातात होता.

“मंग गोदामाच्या भिंतीवर लिवा की,” आत्याबाई म्हणाल्या. “आडवं, मोठ्ठं. चिमणीवरचं वाचायला एसटीतल्या मान्सांच्या माना मोडायच्या हायत का, भावजी?”

आबासाहेबांनी थोडा विचार केला. “आडवं लिवलं तर आडनाव बी मावतंय,” म्हणाले, आणि नारळ माझ्या हातात दिला.

संक्रांतीच्या सुमाराला बॉयलर पेटला. दीपूला कडेवर घेऊन मी आणि आत्याबाई अंगणवाडीच्या दारात उभ्या राहिलो. धूर आमच्या डोक्यावरून गेला. उंच, बिनबोभाट, पेटीत गेला होता तसाच. आत्याबाईंनी मान मागं टाकून तो पार नाहीसा होईपर्यंत बघितला, मग दीपूच्या छातीवर हात ठेवला आणि म्हणाल्या, “ऱ्हायलीस गं माय माज्यापाशी.” मी जरा कारखान्याकडं तोंड करून उभी राहिले. डोळ्यात कचरा गेला होता. कारखान्याचा नव्हे, हे मी शास्त्रीयदृष्ट्या सांगू शकते.

एवढ्यावर गोष्ट संपली असती तर मी मोठी शास्त्रज्ञ म्हणून मिरवले असते. पण त्या दिवाळीच्या खटपटीत एक गोष्ट माझ्या नजरेतून सुटली. पेटीचा पंखा रोज घुमत होता, आणि दीपू रोज तो ऐकत होती. आता तिला त्या आवाजाशिवाय झोपच लागत नाही! अंगाई नको, पाळणा नको. ‘युसूफ कूलर’ हवा! एवढी खटपट ज्या छातीसाठी केली, तिला वारा लागू नये म्हणून पेटीचं तोंड आम्ही तिच्यापासून फिरवून ठेवलंय. आवाज तिच्याकडं, वारा माझ्याकडं. आत्ता बाहेर कडाक्याची थंडी आहे, लेक गाढ झोपलीय, आणि मी आत्याबाईंची शाल, यांचं स्वेटर आणि कानटोपी घालून, कागदावर वरवंटा ठेवून हे लिहितेय.

वारा माझं ऐकतो म्हणाले होते ना? ऐकतो. फक्त पंखा बंद करायची परवानगी मला नाही.